सहावा नेम

‘कां.’ म्हणजे कांता, असं त्यानं मला ठासून सांगितलं आणि भर वर्गात मी फस्सकन हसले.

साताऱ्यात मुद्रकांच्या संघटनेनं एक दिवसाचा वर्ग ठेवला होता. छापखान्याच्या कामात एआय कसं वापरायचं ते शिकवणार होते. चोवीस पुरुष आणि मी एकटी बाई. शिकवायला पुण्याहून तेजश्री गोडसे नावाच्या मॅडम आल्या होत्या, माझ्या मुलीहून फार तर चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, रोजच्या कामातला एखादा मजकूर द्या आणि ते काय करतंय बघा. मी आदल्या आठवड्यात जुळवलेली एक लग्नपत्रिका दिली आणि म्हटलं, भाषा जरा नीटनेटकी कर. त्यानं ‘चि. सौ. कां. वैशाली’चं ‘चिरंजीव सौभाग्यवती कांता वैशाली’ करून दिलं. कां. म्हणजे काय असं विचारलं, तर म्हणे कांता हे वधूचं पहिलं नाव आहे. सौभाग्यकांक्षिणी बिचारी बाजूलाच राहिली. मुलीला फुकटात एक जादा नाव मिळालं आणि अक्षता पडायच्या आधीच ती सौभाग्यवती झाली.

माझ्या मागे कोरेगावचे एक छापखानेवाले बसले होते. ते शेजाऱ्याला म्हणाले की बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं. मी मागे वळून विचारलं, तुमच्याकडे टाइप कोण करतं? ते जरा घुटमळले आणि म्हणाले, मिसेस करतात. मग सगळा हॉल हसला, तेसुद्धा हसले.

तेजश्री मॅडम माझ्या खुर्चीजवळ आल्या. हे यंत्र ढीगभर मजकूर वाचून बसलेलं आहे, त्यावरून पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधतं, असं त्यांनी समजावलं. अंदाज चुकला तरी तितक्याच आत्मविश्वासानं सांगतं. म्हणून मसुदा त्याच्याकडून घ्यायचा आणि पडताळणी आपण करायची.

‘‘तुमच्याकडे नवीन माणूस कामाला लागला तर तुम्ही काय करता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पहिल्या दिवशी आमचे नेम सांगते.’’

‘‘मग यालाही सांगा. पण लिहून. सगळे नेम एका कागदावर आणा आणि प्रत्येक कामाआधी तो कागद याच्यापुढे ठेवा. तुम्हाला जे न सांगता कळतं, ते याला कळतंच असं नाही.’’

मी ते वहीत उतरवून घेतलं. साताऱ्याहून फलटणला येईपर्यंत एस.टी.त मी नेमच आठवत होते.

मला त्या वर्गाला दोशी काकांनी पाठवलं होतं. फलटणला त्यांचा छापखाना आहे आणि तिथे मी तेव्हा एकोणीस वर्षं पत्रिका जुळवत होते. मनोहर दोशी हा माणूस बोलायला गोड आणि मुद्द्याला पक्का. लोक आता मोबाइलवर पत्रिका करून आणतात, आपल्याकडे नुसती छपाई उरली आहे, तेव्हा हे नवं शिक, नाहीतर दिवाळीनंतर तुला खुर्चीवर बसवून काय करू, असं त्यांनी मला चहा पाजत सांगितलं होतं. मी शिकायला तयार झाले ती त्या धाकानं नव्हे. मला माझी स्वतःची एक पत्रिका करायची होती.

माझ्या मुलीचं, धनश्रीचं, लग्न माघात ठरलं होतं. तिचे वडील, विलास, जाऊन अकरा वर्षं झाली होती. आमच्याकडे अशा वेळी पत्रिकेत निमंत्रक म्हणून दीर आणि जावेचं नाव घालतात. आईचं नाव कुठेतरी मजकुरात, ‘कै. अमुक व गं. भा. तमुक यांची कन्या’ एवढ्यापुरतं. मी मनाशी ठरवलं होतं की निमंत्रक मी. मुलगी मी वाढवली, तर या लग्नाला या, हे मीच म्हणणार. गं. भा. सकट म्हणणार होते, हे इथे कबूल करते. ती दोन अक्षरं तोवर मला कधी टोचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी नेमांचा कागद लिहायला घेतला. पहिला नेम: माणसाच्या नावाला हात लावायचा नाही, शंका आली तर मला विचारायचं. हा नेम मी उगाच पहिला ठेवला नाही. बिबी गावच्या एका पत्रिकेत मुलाच्या आजीचं नाव दगडाबाई होतं आणि या शहाण्यानं ते न विचारता दुर्गाबाई करून ठेवलं होतं. ती पत्रिका तशीच गेली असती तर आजीनं माझ्या खुर्चीपाशी येऊन माझा उद्धार केला असता. दुसरा नेम: प्रत्येक माणसाचं नाव पूर्ण हवं. तिसरा, चि. सौ. कां. म्हणजे काय आणि ते कुणाला. चौथा, तारीख, वार आणि मुहूर्त हस्तलिखितात आहे तसाच. पाचवा, गेलेल्या माणसाच्या नावाआधी कै.

खरं सांगायचं तर कागद तयार होत गेला तसं काम सुधारलं. एका पत्रिकेत नवरदेवाचं आडनाव वर एक आणि खाली एक असं पडलं होतं, ते त्यानं पकडलं. गिऱ्हाइकाला तीन तऱ्हेचे मजकूर दाखवायला पूर्वी माझी दुपार जायची, आता चहा निवायच्या आत तिन्ही तयार व्हायचे. काका खूश होते. मीही खूश होते, पण ते कुणाला दाखवत नव्हते.

मग मी सहाव्या नेमाशी आले. लिहिलं: विधवेच्या नावाआधी गं. भा. लावायचं.

त्यानं विचारलं की ही कुणाच्या नावाची आद्याक्षरं आहेत का, गंगाधर भाऊराव वगैरे. मी लिहिलं, नाही, गंगा भागीरथी. जिचा नवरा वारला त्या बाईच्या नावाआधी लावतात. बरं, समजलं, असं म्हणून त्यानं सगळ्या नेमांचा एक तक्ता करून दिला. डाव्या बाजूला माणूस, उजव्या बाजूला काय लावायचं ते. अविवाहित मुलगी, विवाहित स्त्री, विधवा, अविवाहित मुलगा, विवाहित पुरुष. एक घर रिकामं होतं. खाली एक ओळ होती: ‘विधुर पुरुषाच्या नावाआधी काय लावायचे? ते सांगितल्यास तक्ता पूर्ण होईल.’

त्याला माझ्याशी वाद घालायचा नव्हता आणि माझा कळवळाही आला नव्हता. त्याला एक घर भरायचं होतं, इतकंच. पण मी की-बोर्डावर हात ठेवून तशीच बसले.

काकांनी विचारलं, काय अडलं? मी पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि सहज म्हणाले, श्री. लिही. आणि मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. काकी जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानंतर नातवाच्या मुंजीची पत्रिका मीच जुळवली होती आणि त्यांचं नाव पूर्वी होतं तसंच ‘श्री. मनोहर दोशी’ घातलं होतं. त्यांचं बायको असतानाचं नाव आणि नसतानाचं नाव एकच होतं. माझं मात्र विलासला नेलं त्या दिवसापासून बदललं होतं, आणि बदलणाऱ्यांत मीही होते. मी एकोणीस वर्षांत स्वतःच्या हातानं हजारो बायकांच्या नावाआधी त्यांच्या नवऱ्याचं मरण टाइप केलं होतं. मला त्या क्षणी स्वतःचाच इतका राग आला की मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

ते घर मी दोन दिवस रिकामंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी आबा आले.

आबा म्हणजे माझे थोरले दीर, हणमंतराव भोईटे; अक्का ही त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं. विलास गेला तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर माझ्या शेजारी तेच बसले होते, आणि कॉलेजच्या पहिल्या दिवशी धनश्रीला मोटारसायकलवरून तेच सोडून आले होते. त्यांनी खिशातून चौघडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

‘‘पत्रिकेचा मजकूर. गुरुजींकडनं बघून आणलाय. आजच लाव.’’

मी वाचला. निमंत्रक: श्री. व सौ. हणमंतराव बाबूराव भोईटे.

‘‘आबा, यात मी कुठे आहे?’’

‘‘हाय की. वर बघ. कै. विलास आन् गं. भा. हेमलता यांची कन्या.’’

मी सांगितलं की निमंत्रक म्हणून माझं नाव घालायचं आहे. तुमचं दोघांचं नाव मानानं त्याखाली घालीन. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं की घरात थोरलं कोण, रीत काय, नवऱ्या मुलाकडची मंडळी काय म्हणतील.

‘‘आन् तूच न्हाई का एवढी वर्सं असंच छापत आलीस?’’ ते म्हणाले. ‘‘तवा न्हाई रीत खुपली ती?’’

हे मात्र खरं होतं आणि ते लागायचं तिथे लागलं. पडद्यावर तो तक्ता उघडाच होता. मी तो त्यांच्याकडे वळवला.

‘‘हे विचारतंय, बायको वारलेल्या पुरुषाच्या नावाआधी काय लावायचं. काय सांगू?’’

‘‘श्री. लाव म्हनावं. त्यात काय इचारायचं?’’

‘‘म्हणजे उद्या अक्का गेल्या, तरी तुमचं नाव आहे तसंच राहणार.’’

पलीकडे छपाईच्या मशीनवर काका होते, त्यांनी मशीन बंद केलं. आबांचा चेहरा लाल झाला.

‘‘लगीन तोंडावर आलंय आन् घरच्या सवाष्णीचं मरान काढतीस व्हय?’’

‘‘मी नाही, हे मशीन विचारतंय,’’ असं माझ्या तोंडून निघून गेलं, आणि निघाल्या निघाल्या मला त्याची लाज वाटली. यंत्राच्या पदराआड किती दिवस लपणार होते? मी उभी राहिले.

‘‘नाही आबा. मीच विचारते. अक्कांना माझं आयुष्य लाभो. पण विलासच्या मरणाची पाटी अकरा वर्षं माझ्या नावाला आहे आणि माझ्या मुलीच्या पत्रिकेत मी ती लावणार नाही. निमंत्रक हेमलता विलास भोईटे. आधी काही नाही.’’

‘‘मग आमी दोघं त्या मांडवात पाय ठेवनार न्हाई,’’ आबा म्हणाले आणि कागद तिथेच टाकून गेले.

मी खाली बसले. काकांना मी विचारलं की मी हा सहावा नेम छापखान्याच्या कागदातूनच काढून टाकला तर चालेल का. गिऱ्हाईक हातचं जाईल, ते म्हणाले. मी म्हटलं, जाऊ दे. ते बराच वेळ शाईचा हात पुसत राहिले.

‘‘नाहीतर असं कर,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘माझ्या नावाआधीही काहीतरी लाव. म्हणजे बरोबरी होईल.’’

त्यांना हो म्हणायचं असलं की ते असंच काहीतरी बोलतात, हे मला माहीत होतं.

धनश्रीला घरी जाऊन सगळं सांगितलं. तिचा काकांवर, म्हणजे आबांवर, फार जीव. ती थोडं रडली. मग डोळे पुसून म्हणाली, तुझंच नाव टाक, फक्त मला कांता करू नकोस. तिच्या सासरी कच्चा मजकूर पाठवला. तिकडून ‘ठीक आहे’ एवढाच निरोप आला. त्यात होकार होता की राग, कळायला मार्ग नव्हता, आणि मी तो शोधतही बसले नाही.

पत्रिका जुळवताना मी नेमांचा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि आबांचा मजकूर दिला. सांगितलं की निमंत्रक हेमलता विलास भोईटे, थोरल्यांची नावं त्याखाली, आणि कुणाच्याच नावाआधी काही लावू नकोस. पहिला मसुदा त्यानं असा काही फुलवला की आनंदाच्या सागरात सगळे पाहुणे बुडाले असते. मी लिहिलं, साधं बोल. दुसरा बरा होता. आणि त्याच्याखाली पुन्हा एक प्रश्न होता: ‘श्री. व सौ. हणमंतराव यांतील दुसऱ्या व्यक्तीचे नाव मजकुरात नाही. दुसऱ्या नेमाप्रमाणे पूर्ण नाव हवे. ते काय आहे?’

मी तो प्रश्न वाचून एकटीच हसले. माझं नाव निदान बदललं तरी होतं. अक्कांचं तर कधी छापलंच गेलं नव्हतं. मी नाव लिहिलं.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन सकाळीच गावी, आबांकडे गेले. कुंकवाचा करंडा आणि अक्षता पिशवीत होत्या. माझ्यासारखीनं घरोघर कुंकू लावत आमंत्रण द्यायचं नसतं, एखादी सवाष्ण सोबत न्यायची असते. मी एकटीच गेले. आबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. मी वाकून नमस्कार केला आणि आत गेले.

अक्का शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या तिसरीपर्यंत शिकलेल्या. मी पत्रिका हातात दिली तेव्हा त्यांनी ती खिडकीपाशी नेली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागल्या. माझं नाव वाचून झालं. बोट खालच्या ओळीवर आलं आणि थांबलं.

‘‘मा... ल... न. ह्ये मी हाय?’’

‘‘हो अक्का. मालन हणमंतराव भोईटे.’’

‘‘सौ. ऱ्हायलं की गं लावायचं.’’

‘‘राहिलं नाही. कुणालाच काही लावलं नाही.’’

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. त्यांच्या पोराच्या लग्नात, पोरीच्या लग्नात, घराच्या वास्तुशांतीत त्या ‘व सौ.’ एवढ्याच होत्या. त्या पत्रिकाही मीच जुळवल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं आणि माझी मान खाली गेली. मी पिशवीतून करंडा काढला, पण हात पुढे होईना. इतकी वर्षं न केलेली गोष्ट बोटं एकदम करत नाहीत. अक्कांनी ते पाहिलं. त्यांनी डोईवरचा पदर थोडा मागे सारला आणि कपाळ माझ्यापुढे केलं.

मी कुंकू लावलं. वाकडं लागलं, पण लागलं.

मग अक्का पत्रिका घेऊन ओसरीवर गेल्या.

‘‘आवं, मी लग्नाला जानार हाय,’’ त्या आबांना म्हणाल्या. ‘‘माझं नाव छापलंय. तुमचंबी हाय, माझ्या खाली. तुमी तुमचं बघा.’’

पेपर तसाच उंच राहिला, पण पान काही उलटलं नाही.

अक्का लग्नाच्या दोन दिवस आधीच मुक्कामाला आल्या. आबा मुहूर्ताच्या दहा मिनिटं आधी आले, नवा फेटा बांधून. माझ्याशी बोलले नाहीत. पण पंगतीत शेवटपर्यंत पाणी कुठे पोचलं नाही ते बघत फिरत राहिले. मुलाच्या आईनं मला सगळ्यांदेखत विचारलं, पत्रिकेत चूक राहिली का हो? मी म्हटलं, नाही, आधी राहायची, आता दुरुस्त केली. धनश्रीनं मान खाली घालून हसू दाबलं, ते मला दिसलं.

आता या गोष्टीला सहा वर्षं झाली. आबा माझ्याशी बोलायला लागले, पण त्या दिवसाबद्दल ना ते बोलले ना मी. छापखान्यातली काही गिऱ्हाइकं तुटली. जे येतात त्यांच्या कागदावर कधी गं. भा. असतं. मी विचारते, हे ज्यांचं नाव आहे त्यांना विचारून आणलंय का? बहुतेकांनी विचारलेलं नसतं. मग मी म्हणते, त्यांनाच घेऊन या, त्या माझ्यासमोर बोलल्या तर लावते. आजवर दोघीच आल्या. एकीनं लावा म्हणून सांगितलं, तिला लावलं. दुसरी पडद्यावरचं आपलं नुसतं नाव बघत बसली, चहा प्यायली आणि म्हणाली, राहू द्या असंच, नुसतं.

दर वर्षी-दीड वर्षानं यंत्र नवं होतं. दर वेळी मी आमचा तोच कागद पहिल्यांदा त्याच्यापुढे ठेवते. परवा काका म्हणाले, हे आता फार हुशार झालंय, एवढे नेम कशाला सांगतेस? मी करून पाहिलं. कागद न देता एक पत्रिका दिली, मुलीचे वडील हयात नसलेली. चि. सौ. कां. त्यानं बरोबर ओळखलं. कांता कुठे आली नाही, मुहूर्तालाही धक्का लागला नाही. आणि मुलीच्या आईच्या नावाआधी, मी सांगितलं नसताना, मूळ कागदात नसताना, त्यानं आपणहून गं. भा. लावून दिलं.

म्हणजे तेही शिकलं. आमच्याच पत्रिका वाचून शिकलं असणार.

मी ते खोडलं आणि कागद उघडला. जुना सहावा नेम काढल्यावर रिकामी झालेली जागा मी त्या वर्षीच भरून टाकली होती. तिथे लिहिलं आहे: जिवंत बाईच्या नावाला तिच्या नवऱ्याचं मरण लावायचं नाही. काकांना मी सांगितलं की हा कागद मी इथे आहे तोवर राहणार. यंत्र अडाणी होतं तेव्हा तो त्याच्यासाठी लिहिला होता. आता ते शहाणं झालंय, तर जास्तच लागणार.